उकिरड्यावरचं दुपटं

सह्याद्रीच्या पूर्वेकडच्या उतारावर, बोरओढ्याच्या काठी भोकरदरी हे दीडदोनशे उंबऱ्यांचं गाव. गावाबाहेर सिद्धनाथाचं दगडी देऊळ आणि देवळाला लागून पडकी ओवरी. एका सकाळी गुरव दिवा लावायला गेला, तर ओवरीत भिंतीला पाठ लावून एक उंच, हाडकुळा पुरुष बसलेला. कुठून आलात म्हणून विचारलं, तर उत्तर आलं, "मागनं." कुठं जायचंय म्हटलं, तर, "अजून ठरलं न्हाई." हेच येसोबा महाराज. पुढं एकोणीस वर्षं ते त्याच ओवरीत राहिले.

येताना अंगावर एक घोंगडी होती, ती पहिल्याच हिवाळ्यात त्यांनी एका मेंढक्याला देऊन टाकली. त्यानंतर लोकांनी किती धोतरं, किती कांबळी आणून दिली, पण महाराजांच्या अंगावर लंगोटीखेरीज काही टिकलं नाही. सकाळी दिलेलं कांबळं संध्याकाळी दुसऱ्याच्याच खांद्यावर दिसायचं.

महाराजांची थोरवी सांगताना लोक आटलेल्या विहिरीला पाणी लागलं ते सांगतात, मुक्या पोराला वाचा फुटली ते सांगतात. खरंच असेल ते, मी नाही म्हणत नाही. पण माझी आजेसासू भोकरदरीची, आणि ती म्हणायची की महाराज कळायला दुपट्याची गोष्ट ऐकावी. तीच आज सांगते. ऐकून हसू यायची ही गोष्ट नाही, हे मात्र आधीच सांगून ठेवते.

गावात चौगुल्यांचं घर मोठं. थोरली सून सगुणाबाई घराची मालकीण. तिला एक मुलगा, दोन मुली, तिन्ही धडधाकट वाढलेली. लग्नामुंजीला, ओटीभरणाला गावातल्या बायका पहिला मान तिला द्यायच्या, कारण ती लेकुरवाळी. देवानं दिलेलं देणं माणूस हळूहळू स्वतःची कमाई समजायला लागतो, तसं तिचं झालं होतं.

धाकटी सून मथुरा. तिला चार मुलं झाली आणि चारातलं एकही दीड वर्षापलीकडे गेलं नाही. चौथं गेलं त्याच वर्षी शेतात तिच्या नवऱ्याला पान लागलं, साप चावून तो गेला. तिशीच्या आतच ती मागच्या पडवीत येऊन पडली. दळण, शेणगोठा, पाणी, सगळी कामं तिची. पण घरात तान्हं मूल आलं की तिनं दाराशीच थांबायचं.

चौगुल्यांच्या घरात एक रीत होती. बाळाच्या अंगाला पहिलं कापड लागायचं ते लेकुरवाळीच्या हातचं. जिची सगळी मुलं जिवंत आहेत तिनंच दुपटं शिवायचं, तिनंच कुंची शिवायची, म्हणजे तिच्या हाताचा गुण बाळाला लागतो. रीत वाईट होती असं मी म्हणत नाही. घरात एखादी मथुरा नसेल, तर अशी रीत कोणाला बोचत नाही.

नवऱ्याचे दिवस झाल्यावर मथुरा देवळात जाऊन महाराजांसमोर बसली. असे आठ दिवस ती नुसती यायची, बसायची आणि न बोलता उठून जायची. नवव्या दिवशी महाराज म्हणाले, "मथुरे, आठ दिस झालं, तुझं हात पदराचं दोरं काढत्यात आन पुन्हा वळत्यात. हाताला काम दे. शीव कायतरी."

"कुणासाठी शिवू, महाराज?"

"घरात लेकरं जन्माला यायची थांबल्यात का?"

"माझ्या हातचं कुनी घेनार न्हाई."

महाराज म्हणाले, "शिवायचं तुझं काम. पांघरायचं का न्हाई, ते ज्याचं त्याला बघू दे."

त्या दिवसापासून मथुरा दुपटी शिवायला लागली. सासूबाई ऐंशी वर्षं जगून गेल्या होत्या. त्यांची विरलेली लुगडी पेटीत होती, ती कोणाला नको होती. मथुरेनं ती रिठ्याच्या पाण्यात धुतली, खडकावर वाळवली, सारवलेल्या जमिनीवर एकावर एक पसरली आणि चार कोपऱ्यांवर चार दगड ठेवले. मग काठापासून आत, काठापासून आत, तांदळाएवढाले टाके. एक फेरा पुरा झाला की त्याच्या आत दुसरा. जुन्या सुती लुगड्याला पाण्यानं आणि अंगानं जो मऊपणा येतो तो नव्या कापडाला कधी येत नाही, हे शिवणाऱ्या बाईला सांगावं लागत नाही. निळ्याला लाल खणाची पट्टी लावावी की पिवळ्या, यावर तिची दुपार जायची. मनासारखी पट्टी बसली की पडवीत एकटीच हसायची. दुपटं पुरं होत आलं की शेवटचा कोपरा शिवण्याआधी त्यात ती भाकरीचा एक तुकडा सारायची. पोट भरलेलं पांघरूण ऊब देतं, उपाशी पांघरूण देत नाही, असं तिच्या माहेरी म्हणत. शिवत असताना ती सुखात होती, हे मी मुद्दाम सांगते. तिची कीव करणाऱ्यांना ते ठाऊक नव्हतं.

शिवून झाल्यावर जे व्हायचं ते मात्र सांगायला जड जातं. पुतणीच्या पहिल्या मुलासाठी तिनं दुपटं दिलं, ते पुढं गोठ्यात वासराच्या पाठीवर दिसलं. दुसऱ्या पुतणीला दिलेलं जात्याखाली घातलेलं सापडलं. नणंदेनं तिच्या बाळासाठी शिवलेलं दुपटं हसून हातात घेतलं आणि जाताना वळचणीला खोचून गेली. मथुरेनं दर वेळी ते परत आणलं, धुतलं, पुन्हा घडी घातली आणि पुढच्या बाळाच्या दुपट्याला दोरा भरला. आठ वर्षांत नऊ दुपटी झाली, पण घरचं एक बाळ त्यांतल्या एकातही निजलं नाही. तिचं मागणं एवढंच होतं, की आपल्या हातच्या कापडात या घरचं एक तरी लेकरू निजावं.

मग सगुणाबाईच्या मुलाच्या, हैबतीच्या, बायकोला दिवस राहिले. सुनेचं नाव गजरा. वय सतरा, स्वभाव भाबडा. सासरी आल्यापासून ती मागच्या पडवीत जाऊन बसायची, मथुरेच्या सुईत दोरा ओवून द्यायची. या बाळासाठी मथुरेनं सासूबाईंचं शेवटचं लुगडं काढलं. गडद निळं, लाल काठाचं. दोन महिने ती तेवढंच शिवत होती.

सातव्या महिन्यात ओटीभरणाला घर बायकांनी भरलं. मथुरा आत आली नाही. तिनं दुपटं उंबऱ्याच्या आत सरकवलं आणि मागं झाली. गजरेनं उठून ते उचललं, गालाला लावलं आणि पोटावर धरलं. सगुणाबाईनं पुढं होऊन ते तिच्या हातून ओढून घेतलं.

"चार पोरं गिळलेला हात हाय त्यो," ती म्हणाली. "त्या हातचं माझ्या नातवाला नगं."

आणि सगळ्या बायकांदेखत तिनं ते अंगणापलीकडच्या उकिरड्यावर भिरकावलं.  

नेमके त्याच वेळी महाराज भिक्षेला दारात आले होते. ते उकिरड्यावर चढले, शेणातून दुपटं उचललं, झटकलं आणि स्वतःच्या खांद्यावर टाकलं. सगुणाबाई ओशाळली, पण माघार घेईल ती चौगुल्यांची थोरली कसली! तिनं आतून लोकरीची नवी शाल आणवली आणि म्हणाली, महाराज, ती घाण टाका, ही घ्या. महाराजांनी शालीकडं पाहिलंसुद्धा नाही. "हे ऊबदार हाय," एवढं म्हणाले आणि भिक्षा न घेता निघून गेले. त्यांची पाठ वळल्यावर सगुणाबाई बायकांना म्हणाली की येड्याला चिंधीच शोभायची. दोघीचौघी हसल्या.

ज्या माणसाच्या अंगावर कांबळं एक दिवस टिकत नव्हतं, त्यानं ते दुपटं मात्र कोणाला दिलं नाही. तान्ह्या बाळाचं ते, महाराजांच्या एका खांद्यालाही पुरत नव्हतं. तरी ते तिथंच राहिलं.

महिन्याभरात भोकरदरीत उंदीर पडायला लागले. गाठीचा ताप, म्हणजे प्लेग, आला होता. शहाणी माणसं घरं सोडून माळावर खोपी घालून राहिली. थोरल्या चौगुल्यांनी, सगुणाबाईच्या मालकांनी, मात्र माळावर जायचं नाकारलं, आपल्या घरात असलं काही शिरत नाही म्हणाले. सोमवारी त्यांना ताप भरला आणि बुधवारी ते गेले. शुक्रवारी हैबती गेला. दोघांनाही खांदा द्यायला चार माणसं जमेनात, बैलगाडीतून न्यावं लागलं.

मग सरकारी पथक आलं. त्यांनी घराची कौलं काढली आणि अंथरूण-पांघरूण, लुगडी, पेट्या, त्या लोकरीच्या शालीसकट सगळं अंगणात रचून पेटवून दिलं. मागच्या पडवीतली मथुरेची नऊ दुपटी त्याच आगीत गेली. अंगावर औषधाचं पाणी शिंपडून तिघींना माळाच्या टोकाला एका खोपीत घातलं. दोन विधवा सासवा आणि एक विधवा सून. खोपीवर चुन्याची खूण केली. ती खूण पाहिली की लोक वाट बदलायचे.

पौष महिना होता. माळावर वारा असा वाहायचा की तोंडातला शब्द कापायचा. आठवा महिना सरायच्या आतच एका सकाळी गजरेच्या पोटात कळा सुरू झाल्या. सगुणाबाई सुईणीच्या खोपीपाशी गेली. सुईणीनं आतूनच सांगितलं, चुन्याच्या खुणेच्या घरात मी पाऊल टाकणार नाही. तेव्हा दारातून आत यायचा मान ज्या मथुरेला कधी नव्हता, तिनंच बाळंतपण केलं. सगुणाबाईनं नको म्हटलं नाही. म्हणायला तिच्यापाशी उरलं तरी काय होतं?

उन्हं वर आली तेव्हा मूल जन्माला आलं. मुलगी. वितभर जीव. ती रडली नाही. ओठ निळे आणि अंग दगडासारखं गार. मथुरेनं तिला पालथी धरली, पाठ चोळली, तोंडातला चिकटा बोटानं काढला. श्वास चालू झाला, पण इतका बारीक की कान लावल्याशिवाय कळेना. शेगडीत निखारे होते. मथुरा हात शेकायची आणि बाळाला लावायची. ऊब वरवर लागायची आणि जायची. तिचं स्वतःचं लुगडं बाळंतपणात भिजलेलं. सगुणाबाईनं आपला पदर टर्रकन फाडला, पण त्यातही पथक रोज सकाळी शिंपडायचं त्या औषधाची ओल होती.

मग सगुणाबाई कापड मागायला बाहेर पडली. तीन खोपींपुढं ती उभी राहिली. एक कोरडी चिंधी द्या म्हणाली. पहिल्या खोपीतून कोणी ओसुद्धा दिली नाही. दुसरीतून आवाज आला, लांब उभी राहा. तिसरीत तिची ओटीभरणाला जेवून गेलेली शेजारीण होती. ती दारात आली आणि म्हणाली, "सगुणाबाई, वाईट वाटून घिऊ नगा. माझ्या घरात लेकरं हायत. तुमचा हात आता बरा न्हाई."

रिकाम्या हातानं ती खोपीत परतली. बाळ मथुरेच्या छातीशी होतं. गजरा डोळे अर्धे उघडे ठेवून पडली होती. तिचा आवाज गेल्यात जमा होता. ती म्हणाली, "धाकट्या आत्याबाई, तुमचं ते निळं दुपटं कुठं गेलं?"

मथुरेनं बाळाला छातीशी आणखी घट्ट धरलं. सगुणाबाई मात्र तशीच वळली आणि सिद्धनाथाच्या देवळाकडं पळत सुटली. अर्धा कोस अंतर, पायात वहाण नाही, पदर फाटलेला.

महाराज ओवरीत नेहमीच्या जागी बसले होते. खांद्यावर दुपटं होतं. सगुणाबाई खांबाला धरून धापा टाकत उभी राहिली.

"महाराज, नात गार पडलीया. ते तेवढं द्या."

"हे?" महाराज म्हणाले. "हे तर उकिरड्यावरचं हाय, बाई."

तिनं मान खाली घातली.

"कुणाच्या हातचं हाय ते सांग. त्याबिगर मी देणार न्हाई."

"मथुरेच्या."

"मथुरा कोण?"

सगुणाबाईनं खांब घट्ट धरला.  आणि मग तिच्या तोंडून जे निघालं, ते तिनं आयुष्यात कधी म्हटलं नव्हतं. "माझी जाऊ. चार लेकरांची आई."

"आता ने," महाराज म्हणाले, आणि त्यांनी दुपटं खांद्यावरून काढून तिच्या हातात ठेवलं.

काय आश्चर्य सांगावं! ते दुपटं गरम होतं. अंगावरच्या कापडाला असते तेवढीच ती ऊब नव्हती. चुलीवरून आत्ता उतरलेल्या भाकरीसारखं ते गरम होतं. सगुणाबाईचे हात पोळले, पण तिनं ते सोडलं नाही. माळावरचा तोच बोचरा वारा अर्धा कोस तिच्या तोंडावर येत होता. खोपीत पोचली तरी दुपट्याची ऊब तसूभर उणी झाली नव्हती. मथुरेनं हात लावला आणि तिनं जावेकडं नुसतं पाहिलं. बाळाला दुपट्यात गुंडाळलं, तोंडावरून काठ सारला. घटकाभर काही झालं नाही. मग निळे ओठ तांबूस झाले, मुठी उघडल्या, आणि पोरगी रडली. इतक्या मोठ्यानं रडली की वाट बदलून जाणारा माणूससुद्धा थांबला.

गजरेनं ते रडणं ऐकलं. तिनं हात पुढं करून दुपट्याचा काठ धरला. दुपारी ती गेली तेव्हा काठ तिच्या बोटांत होता, मथुरेनं एकेक बोट सोडवून घेतलं. तिला का वाचवलं नाही महाराजांनी, असं आजेसासूला मी नवी नवरी असताना विचारलं होतं. ती म्हणाली, ते मीही त्यांना विचारणार आहे, भेटले की. याहून खरं उत्तर मला आजवर कोणी दिलेलं नाही.

बकरीच्या दुधाच्या बोळ्यावर पोरगी जगली. चैत्रात ताप ओसरला आणि गाव घरांकडं परतलं. तेव्हा लोकांच्या एक गोष्ट लक्षात आली. ऐन उन्हाळ्यात, खडक तापलेले असताना, महाराज ओवरीत कुडकुडत बसलेले असायचे. दातावर दात वाजायचे. दुपटं दिलं त्या सकाळपासून ते सुरू झालं होतं. पोरीच्या अंगातला गारठा त्यांनी आपल्या अंगात घेतला होता, आणि घेतलेलं परत करायची त्यांची रीत नव्हती.

सगुणाबाई नातीला घेऊन ओवरीत आली. तिनं पोरीला जमिनीवर ठेवलं आणि महाराजांच्या पायांवर डोकं टेकलं. पाय बर्फासारखे होते. ती हुंदके देऊन रडायला लागली. मी तुम्हांला येडा म्हटलं, महाराज, म्हणाली. अंगावर घालायला काय आणू ते सांगा, म्हणाली. महाराज कुडकुडतच हसले.

"मला कशाला आणतीस? माझ्या पाया पडून भागत न्हाई, सगुणे. जिचं हाय तिच्याकडं जा."

लांबलेल्या बारशाच्या दिवशी उजाड घरात सात-आठ बायका जमल्या. सगुणाबाईच्या मोठ्या मुलीनं सासरहून आईचंच एक जुनं हिरवं लुगडं आणलं होतं, लग्नानंतर मागून नेलेलं, वापरून मऊ झालेलं. घरात तेवढंच कापड. त्याचं दुपटं कोणी शिवायचं, यावर बायकांत कुजबुज सुरू झाली. मथुरेचं नाव कोणी घेतलं नाही. पण या वेळी सगुणाबाईचंही घेतलं नाही. नवरा गेलेला, मुलगा गेलेला. तिला कोणी पाळण्याजवळ बोलावलं नाही, आणि शेजारीण म्हणाली की वरच्या आळीतून एखादी लेकुरवाळी आणू.

सगुणाबाई उठली. तिनं लुगडं उचललं, मागच्या पडवीच्या दाराशी गेली आणि मथुरेच्या मांडीवर ते ठेवलं. मग सगळ्यांसमक्ष खाली वाकून तिनं धाकट्या जावेच्या पायांवर डोकं टेकलं. थोरलीनं धाकटीच्या पाया पडायची रीत कुठंच नाही. मथुरा घाबरून उभी राहिली, तिनं जावेला दोन्ही हातांनी उठवलं. दोघी कितीतरी वेळ एकमेकींना धरून रडल्या, आणि कोणाची किती माणसं गेली हे त्या वेळी कोणी मोजलं नाही.

मग मथुरेनं डोळे पुसले. लुगडं दाताला लावून मधोमध फाडलं, सारवलेल्या जमिनीवर पसरलं आणि कोपऱ्यावर ठेवायला दगड शोधू लागली. तीनच सापडले.

"आक्का," ती म्हणाली, "ह्यो कोपरा धरा."

सगुणाबाईनं हात मागं घेतला. "माझा हात चालंल का गं?"

"चालतोय," मथुरा म्हणाली. "घट्ट धरा. कापडाला सुरकुती पडू दिऊ नगा."